माझ्या तोंडाची परीक्षा

मी बडबडी आहे हे अख्ख्या घराला मान्य आहे. झोपेतही बोलते म्हणे, नवरा शपथेवर सांगतो. अशा बाईला विमानतळावर उतरायला येणाऱ्या विमानांना वाट दाखवायचं काम मिळालं. दिवसभर हेडफोन लावून वैमानिकांना वळा, उतरा, थांबा सांगायचं, आणि ते निमूट ऐकणार! घरी कोण ऐकतं हो एवढं?

पण एकटीनं खुर्ची सांभाळायचा परवाना काही मिळेना. परीक्षक होते गप्प सर. हे नाव आम्हीच ठेवलेलं. माणूस मोजून मापून बोलायचा. त्यांनी मला दोनदा नापास केलं, कारण विमानं जवळ आली की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो. आता तिसरी आणि शेवटची संधी. हुकली की कायमची कार्यालयात, फायलींच्या सोबतीला. सकाळी आईनं फोन करून बजावलं, जिभेला जरा आवर घाल गं बाई.

परीक्षा खऱ्याखुऱ्या विमानांवरच, सर मागे बसलेले, आणि झकास चालली होती. पडद्यावर एक विमान चार हजार फुटांवर. दुसरं वरून खाली येत होतं, त्याला मी पाच हजारांवर थांबायला सांगितलं. त्यानं ते बरोब्बर परत म्हणून दाखवलं, आणि पठ्ठ्या थांबलाच नाही! पाचाच्या खाली आकडा घसरतोय, ठिपके जवळ येताहेत. मी बोलायचं बटण दाबणार, तेवढ्यात तोच वैमानिक बोलला.

"विमानातलं यंत्र वर चढा म्हणतंय. चढतोय."

दोन्ही विमानांतली ही यंत्रं आपापसात ठरवतात, कोणी वर जायचं, कोणी खाली. ती बोलायला लागली की आम्ही मध्ये तोंड घालायचं नाही, असा नियमच आहे. आम्ही एक सांगायचं, यंत्रानं दुसरं, आणि वैमानिक गोंधळला तर संपलंच सगळं.

"समजलं," मी म्हणाले.

आणि गप्प बसले. मी! बटणावरचा हात काढला, मांडीखाली घातला आणि त्याच्यावर चक्क बसले. मनात नुसता आरडाओरडा, अरे वर, अजून वर, चढ ना बाबा! ठिपक्यावर ठिपका आला. मला रडू फुटायच्या बेतात होतं. मग आकडे फाकले, एक वर, एक खाली.

"धोका टळला," वैमानिक म्हणाला. "आता सांगा."

मी दोघांना नीट उंची दिली, आवाज अगदी शहाण्या मुलीसारखा. हाताला मात्र सणसणून मुंग्या आलेल्या. मागे सर हसत होते. पास, म्हणाले. आणि मग जे बोलायला लागले, ते जिना उतरून कॅन्टीनमध्ये चहा गार होईपर्यंत! मी नुसती मान डोलावत होते.

आईला फोन लावला. तिनं विचारलं, काय झालं? माझ्या तोंडून शब्द फुटेना. पलीकडे आईचा आवाज एकदम मऊ झाला.

"असू दे गं. फायलींचं कामही चांगलंच असतं."

तेव्हा मला जे हसू सुटलं, ते आवरेचना.