म्हातारा बसला कशावर?

“झालं बघ. बसवलं म्हाताऱ्याला,” म्हणत नवऱ्याने कागद तिच्याकडे सरकवला आणि चाचपडत पेनाला टोपण लावलं.

तिने चित्र पाहिलं. म्हातारा झकास उतरला होता. टक्कल, सुटलेलं पोट, हातात उघडं वर्तमानपत्र, चेहऱ्यावर साऱ्या जगाला नावं ठेवणारा भाव. फक्त खुर्ची राहिली होती बाजूला, आणि हे महाशय अधांतरी बसले होते!

दोघांच्या संसारात कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली. आधी तिने वस्तू काढायच्या, टेबल, खुर्ची, छत्री, कपबशी. मग त्याने त्यात माणसं बसवायची. एकाने दुसऱ्याच्या कामात लुडबूड करायची नाही. अशी विनोदी चित्रं काढता काढता दोघं म्हातारी झाली. मासिकांनी छापली, लोक हसले, घर चाललं.

त्याची नजर दगा देतेय हे तिला ठाऊक होतं. आता चष्म्याचाही उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण विषय काढला की तो म्हणे, “माझ्या हातालाच डोळे आहेत. हात चुकेल त्या दिवशी पेन खाली ठेवीन.” आणि हा बोलेल तसं करणारा माणूस! पेन सुटलं की मागे काय उरणार? दिवसभर खिडकीशी बसून उसासे टाकणारा एक गृहस्थ. तिला ते नको होतं, काही झालं तरी नको होतं.

“कसा झालाय?” त्याने विचारलं.

“नेहमीसारखा आगाऊ.”

“मग प्रदर्शनात लावायला देऊन टाक. प्रदर्शनवाले येतीलच न्यायला.”

तो आंघोळीला गेला तशी ती कागदापुढे बसली. शाई काही खोडता येत नाही. म्हाताऱ्याखाली स्टूल काढावं, तर शेजारी ती रिकामी खुर्ची उगाच तोंड वासून. शेवटी तिने मनाचा हिय्या केला आणि जन्मात पहिल्यांदा माणूस काढला. एक काटकुळी म्हातारी, दोन्ही गुडघे आणि एक हात जमिनीला टेकून ओणवी. तिच्या पाठीवर म्हातारा ऐसपैस, आणि ही बया दुसऱ्या हाताने जमिनीवर ठेवलेल्या त्याच्याच चहात साखर ढवळतेय.

प्रदर्शनात त्या चित्रापुढे ही गर्दी! लोक पोट धरून हसत होते.

“एवढं काय गं हसतायत? साधा पेपर वाचणारा म्हातारा तो,” नवरा पुटपुटला.

ती काही बोलायच्या आत पुढची एक मुलगी वळली. “आजोबा, तुम्हीच काढलंय ना? कमाल आहे! शेजारी खुर्ची रिकामी आणि पठ्ठ्या खुशाल बायकोच्या पाठीवर!”

तो चित्राकडे गेला. नाक काचेला लागेल इतका वाकला. तिला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

“खुर्ची किती लांब राहिली?” त्याने हळूच विचारलं.

“जराशीच.”

“खरं सांग.”

“चांगली चार बोटं.”

“मग मला बोलली का नाहीस?”

“तुम्ही पेन ठेवलं असतंत.”

मागे पुन्हा हशा उसळला. मग तो म्हणाला, “अगं, तिच्या गुडघ्याखाली उशी तरी काढायचीस. दुखत असतील.”

“सवय झालीय तिला,” ती म्हणाली.

तेवढ्यात प्रदर्शनवाले लगबगीने आले. “साहेब, सगळी गर्दी इथेच! पुढचं चित्र कधी देताय?”

“हिला विचारा,” तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. “आता माणसंही हीच काढते. मी शेजारी बसून चुका काढीन.”

आणि बायकोची ओळख करून द्यावी तसा त्याने हात पुढे केला. हात भलत्याच बाजूला गेला, एका रिकाम्या भिंतीकडे. ती मुकाट्याने सरकली आणि तिथे जाऊन उभी राहिली.