कशावरून सरांची कार्डं

कॉलेजात त्यांना सगळे ‘कशावरून सर’ म्हणत, आणि ते नाव त्यांनी कमावलेलं होतं. सकाळ झाली म्हटलं तरी विचारायचे, कशावरून? पोटात दुखतंय हे पटवून दिल्याशिवाय त्यांच्या मुलीला कधी शाळा बुडवता आली नाही.

या खोडीचं मूळ चारशे वर्षांपूर्वीच्या एका तत्त्वज्ञात होतं. सगळ्यावर शंका घ्यायची आणि मनाला लख्ख दिसेल तेवढंच खरं मानायचं, हा त्याचा नियम. त्याच्या ग्रंथाचं भाषांतर सरांनी एकोणीस वर्षं केलं. एका कार्डावर एक विचार. स्वतःला लख्ख न समजलेला लाल पेन्सिलीने खोडायचा. मुलगी शेजारी बसून टाईप करायची. चारशे बारा कार्डं झाली, आणि प्रेसला देण्याआधी सर शेवटची नजर टाकायला बसले.

तोवर विसरण्याचा आजार घरात शिरला होता. पहिल्या आठवड्यात त्यांनी नऊ कार्डं खोडली. मग रोज वीस.

“बाबा, हे तुम्हीच लिहिलंय.”

“लिहिलं असेल. आता समजत नाही. न समजता छापू?”

टाईप केलेली प्रत तिच्याकडे होती, पण छापायला त्यांची सही लागत होती. ती फसवून घ्यायला तिचा हात धजेना. शेवटी तीही त्यांच्याच हाताखाली वाढलेली.

एका दुपारी सदतीस कार्डं उरली, तेव्हा तिचा धीर सुटला. तिने पुढच्या कार्डावर हात ठेवला. “हे मला समजतंय. तुमच्या मुलीला समजतंय, तेवढं पुरे ना?”

सर अवघड ओळीकडे बघावं तसं तिच्याकडे सावकाश बघत राहिले.

“तुम्ही माझी मुलगी?”

तिने आईचं नाव सांगितलं, जुन्या घराचा पत्ता सांगितला, आपल्या कपाळावरची खोक कशी पडली तेही सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. ते मनापासून प्रयत्न करत होते, हे तिला दिसत होतं.

“तुमचं चुकत नसेल,” ते म्हणाले. “पण मला लख्ख दिसत नाही. रागावू नका.”

कुणाचं मन राखायला बाबा कधी खोटं बोलत नाहीत, हे ती आयुष्यभर मिरवत आली होती. आज एकदाच, फक्त तिच्यासाठी, त्यांनी बोलावं असं तिला फार वाटलं. तिने कार्डावरचा हात काढला नाही. त्यांनी तिचा हात हलकेच बाजूला केला आणि कार्ड खोडलं.