आठ सेकंदांचा डिलर्ड

मी ‘सातवं वळण’ या सिनेमाची शेवटची प्रत बोलतेय. जरा लांबच बसा. माझ्या अंगाला व्हिनेगरचा वास येतो. जुन्या फिल्मचं अंग कुजायला लागलं की असाच वास सुटतो आणि मग त्यावर औषध नसतं.

माझा जन्म पन्नास वर्षांपूर्वीचा. अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगरात, ब्रायर खोऱ्यात, मक्याची चोरटी दारू गाडीत भरून पोलिसांना हुलकावण्या देत शहरात पोचवणाऱ्या माणसांची गोष्ट माझ्यात आहे. शहरात मी आठवडाभरही चालले नाही. बनवणारी कंपनी बुडाली, बाकीच्या प्रती कुठे गेल्या कोण जाणे. मी मात्र खोऱ्यातच राहिले, कारण गाडीत बसून सिनेमा बघायच्या तिथल्या थिएटरात मशीन चालवणाऱ्या व्हर्जिलने मला परत पाठवलंच नाही.

खोऱ्याचं माझ्यावर प्रेम बसलं ते एका माणसामुळे, डिलर्डमुळे. हा खराखुरा दारू नेणारा. दीड वर्ष तुरुंगात राहून आला आणि धंदा सोडून लाकडाच्या वखारीत लागला. शूटिंगवाल्यांना वळणावर गाडी फिरवायला त्याच्यासारखा दुसरा मिळेना. नायकाच्या जागी तोच गाडी चालवी. एकदा सातव्या वळणावरून सुटल्यावर त्याने खिडकीतून तोंड बाहेर काढलं, हसला आणि स्वतःच्याच मनाने ओरडला, “कॉफी तापव गं, ऑर्फा!” दिग्दर्शकाला ते इतकं आवडलं की त्याने तसंच ठेवलं. आठ सेकंद. माझ्या अंगावर एकशे ब्याण्णव चौकटी, म्हणजे तेवढीच बारकी चित्रं, आणि त्यांच्या कडेने बारीक रेघेत त्याचा आवाज.

ऑर्फा त्याची बायको. तिने ते कधी पाहिलं नाही.

नवरा तुरुंगात असताना तिने देवाला शब्द दिला होता, “याला दारूच्या धंद्यातून सोडव, मी जन्मात सिनेमा बघणार नाही.” दुसरं काही सोडण्यासारखं तिच्यापाशी नव्हतंच. लहानपणी चार मैल चालत जाऊन सिनेमे बघणारी बाई ती. डिलर्ड विनवायचा, “अगं, फक्त माझ्यापुरता बघ. मग डोळे मीट.” ती म्हणायची, “देवाला अर्धा शब्द देत नाहीत.” अकरा वर्षांनी वखारीत ओंडका अंगावर पडून तो गेला. तरी ती थिएटरच्या फाटकात आली नाही.

इकडे ‘कॉफी तापव गं, ऑर्फा!’ साऱ्या खोऱ्याचं झालं. दुकानात शिरताना लोक तेच म्हणत, लग्नात नवरामुलगा तेच ओरडे. पुढे शर्टांवर छापलं, शर्यतीच्या गाड्यांच्या पाठीमागे रंगवलं.

आणि मग ती रीत पडली. डोंगरातल्या रस्त्यावर पहिल्यांदा गाडी घेऊन निघणाऱ्याने डिलर्डची एक चौकट गाडीत काचेपाशी लावायची, म्हणजे वळणावर गाडी घसरत नाही. लोक व्हर्जिलकडे यायचे. तो कात्री घ्यायचा, एक चौकट कापायचा, दोन टोकं पुन्हा चिकटवायचा. “एकीने काय होतंय? डोळ्याला कळतसुद्धा नाही,” तो म्हणायचा.

खरंच कळत नव्हतं. प्रत्येकाला वाटायचं, आपण एकच नेली. मलाही ते बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? आपल्या अंगाचा तुकडा कुणी जपून ठेवतंय, याचा अभिमान होता मला.

मग थिएटर बंद पडलं. मी व्हर्जिलच्या पडवीत डब्यात पडून राहिले.

गेल्या वसंतात ऑर्फा चर्चात प्रवचन देणाऱ्या ब्रदर हॉबर्टकडे गेली. वय ब्याऐंशी. म्हणाली, “ब्रदर, लग्नातला फोटो आहे, चेहरा रोज बघते. पण आज सकाळी उठले आणि त्याचा आवाज आठवेना. दिवसभर आठवून बघितला. गेलाच हो तो. मला तो एकदा ऐकायचाय. देव रागावेल का?”

ब्रदरचे डोळे भरले. “ऑर्फाबाई, पन्नास वर्षं पाळलंत. देव म्हणत असेल, आता पुरे कर बाई.”

वर्षातून एकदा येणाऱ्या, कबरी सजवायच्या रविवारी दुपारी, डिलर्डच्या कबरीवर फुलं ठेवून, पंगत उठल्यावर, चर्चच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या लावल्या. ऑर्फा झग्याला नवी कॉलर लावून पहिल्या रांगेत बसली. व्हर्जिल मशीन लावायला नको तितका वेळ घेत होता. मला वाटलं, म्हातारपणामुळे.

सातवं वळण आलं. धूळ उडाली, गाडी सुटली, खिडकीत काहीतरी हललं, “कॉ—” आणि एकदम पुढचा रस्ता.

“आला का?” ऑर्फाने विचारलं. “मी पापणी मिटली की काय? व्हर्जिल, परत लाव बाबा.”

त्याने परत लावलं. परत तेच.

तिसऱ्यांदा त्याने मशीनच बंद केलं. “मावशी, तो संपलाय. मीच कापून वाटला. एकेक करून. तू कधी बघायला येशील, असं मनातसुद्धा आलं नाही गं.”

मग माणसं उठून आपापल्या गाड्यांकडे धावली. सतरा चौकटी जमल्या. उन्हाने गुलाबी पडलेल्या, वाळक्या पानासारख्या वळलेल्या. मशीनमधून त्या जाणार नव्हत्या आणि गेल्या असत्या तरी अशा सतरा सुट्या चौकटींतून एक शब्दही जुळत नाही.

ऑर्फा त्या ओंजळीत घेऊन बसली. “बरं, मला एवढं सांगा, तो म्हणायचा कसा? तुम्ही तर रोज म्हणता.”

व्हर्जिल म्हणाला, “कॉफी तापव गं, ऑर्फा!”

“असा नाही रे.”

दुकानदार म्हणाला. वखारीतला म्हातारा म्हणाला. शर्यतीत गाड्या चालवणाऱ्या पोरींनी म्हणून बघितलं. ब्रदरनेही म्हटलं. प्रत्येकाचा हेल वेगळा. सगळ्यांनी एकमेकांचंच ऐकून उचललेलं. ती प्रत्येकाकडे कान करायची, मान हलवायची. “असाही नाही. कसा होता ते आठवत नाही, पण असा नव्हता.” शेवटी तोंडावर हात धरून हसली. “जाऊ दे. पंगतीतली भांडी तशीच पडलीत, चला.” आणि उठून भांडी घासायला गेली.

वाचक हो, मी आता फार दिवस टिकणार नाही. वास वाढतोय, थर एकमेकांना चिकटताहेत. मला वाचवा असं मी म्हणत नाही, वाचण्यासारखं होतं ते गेलंय. तुमच्या घरात कुणाचा आवाज कुठे राहिला असेल, तर तो वाटून टाकण्याआधी ज्याचं माणूस आहे त्याला विचारा. तो वर्षानुवर्षं मागायला आला नाही, म्हणून त्याला नकोय असं धरून चालू नका. आम्ही तसंच धरून चाललो होतो.