हात कुणाचा जड

रविवारी सणाच्या मिरवणुकीच्या रंगीत तालमीत 'गालेब' बोट धक्क्यावर आदळली आणि बार्बा श्पिरो पांढऱ्या झग्यासकट, हातातल्या मेणबत्तीसकट धपकन ढुंगणावर बसले. एवढंच झालं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या संध्याकाळपासून अख्ख्या बेटावर एकच निकाल फिरायला लागला: येर्काचा हात जड आहे.

सोळा ऑगस्टला संत रोकची मूर्ती बोटीत बसवून समोरच्या खडकाळ बेटावरच्या देवळात न्यायची आणि परत आणायची, हा इथला जुना रिवाज. ती बोट येर्काच्या वडिलांची, मिकुलांची. त्यांच्यामागे मुलगा नव्हता, म्हणून सुकाणू येर्काकडे आलं. ते देताना गावातल्या पुरुषांनी जे तोंड केलं होतं, ते तिला अजून आठवत होतं. कडू औषध घेताना करतात तसं. आता त्यांना निमित्त मिळालं होतं. देवळाच्या बिरादरीचे म्होरके श्पिरो, ज्यांना सगळं गाव बार्बा, म्हणजे काका, म्हणे, त्यांनी जाहीर करून टाकलं, की यंदा बोट मिकुलांचीच, पण सुकाणूवर जावई विच्को. म्हणजे येर्काच्या धाकट्या बहिणीचा, लुचेचा नवरा.

"अहो पण बार्बा, मागे जाण्याचा गिअर पडतच नाही!" येर्का कळवळून सांगत होती. "मी लिव्हर मागे ओढते आणि इंजिन बंद पडतं. मी काय करू?"

"हळू ओढायचं," बार्बा श्पिरो म्हणाले.

"हळूच ओढते हो!"

"मग जोरात ओढायचं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळा धक्का हसला. "नाचता येईना अंगण वाकडं!"

येर्का गप्प बसली ती फक्त आजूबाजूला पर्यटकांची पोरं होती म्हणून. उन्हाळाभर रोज चार-चार खेपा करून हीच बोट ती खाडीखाडीत नेत होती. तेव्हा हात जड नव्हता. तेव्हा म्हणे, येर्का, जरा आमचे पाहुणेही ने, तुझ्यासारखी बोट कुणी लावत नाही!

सणाच्या आदल्या दुपारी सगळं गाव झोपलं होतं तेव्हा ती लुचेला घेऊन बोटीवर गेली. जुनी बोट, जर्मन माणसाकडून घेतलेली. इंजिन आत, मागच्या फळीला टेकलेलं, आणि फळीच्या बाहेर पाण्यात उतरलेला लोखंडी पाय. त्या पायातच गिअर आणि टोकाला पंखा. गिअरचा हुकूम लिव्हरपासून पायापर्यंत दोन केबलींनी जातो. पहिली केबल लिव्हरपासून इंजिनजवळच्या एका पत्र्यापर्यंत, दुसरी तिथून फळीच्या भोकातून थेट पायात. त्या पत्र्याजवळच एक छोटा खटका आहे. गिअर अडला आणि केबलवर ताण आला, की खटका क्षणभर इंजिनाचा श्वास रोखतो, म्हणजे गिअरची पकड सुटावी. ताण गेला की इंजिन पुन्हा चालू. हे मिकुलांनी तिला शिकवलं होतं. बाकीचं ती आज शिकणार होती.

"ताण जातच नसेल तर?" ती स्वतःशीच म्हणाली. "तर इंजिन मरणारच की!"

"कोण मरणार?" लुचेने दचकून विचारलं.

"कुणी नाही. तू पक्कड दे."

इंजिनाची किल्ली काढून तिने खिशात टाकली. मग पत्र्यावरच्या दोन्ही केबली सोडवल्या. लुचेला लिव्हरपाशी बसवलं.

"एका बोटाने ढकल."

लिव्हर पुढे गेली, मागे आली. लोण्यातून सुरी फिरावी तशी.

"बघ! माझ्या हातापासून इथपर्यंत सगळं साफ आहे!" येर्का ओरडलीच. तिला रडू येईल की काय असं वाटलं, इतका राग आला होता. आठवडाभर ज्या हाताचा उद्धार झाला त्या हाताकडे तिने एकदा बघून घेतलं.

मग दुसरी केबल. पंखा फिरता असल्याशिवाय दाते बसत नाहीत, म्हणून लुचे मागच्या फळीवर पालथी पडून पंखा हाताने फिरवू लागली आणि येर्का आतून केबल ओढू लागली. केबल हलेना. दोन्ही हातांनी, पाय फळीला लावून ओढली तेव्हा बोटभर सरकली, तीही कुरकुरत.

"बिघाड बाहेर आहे," येर्का म्हणाली. पंख्याचा लोखंडी पाय पाण्यातून वर उचलून घेतला आणि ती बहिणीशेजारी पालथी पडली.

केबल फळीतून बाहेर येते तिथे तिच्यावर रबराची घड्याघड्यांची बाही असते. पाणी आत जाऊ नये आणि पाय वळला तरी केबल मोकळी राहावी म्हणून. ती बाही काळी असायला हवी. ती होती लालभडक. रंग वाळून कडक झाला होता आणि घडीघडीला चिरला होता. त्या चिरेत बोट घातलं तर तांबूस गंजाचं पाणी बोटावर आलं.

लुचेचा चेहरा उतरला. "विच्कोने..."

"विच्कोने," येर्का म्हणाली.

संत रोकच्या आधी प्रत्येक बोट पाण्याखालून लाल रंगवायची, हाही रिवाजच. संताच्या मिरवणुकीत कुणाच्या बुडाला शेवाळ दिसता कामा नये. सण जवळ आला की इथले पुरुष रंगाचा डबा घेऊन जे सुटतात, ते समोर येईल ते रंगवतात. मिकुला रंगवण्याआधी त्या रबराला जुनं फडकं गुंडाळत. येर्काने यंदा विच्कोला बजावून सांगितलं होतं, रबराला हात लावू नकोस. तो म्हणाला होता, "मला शिकवतेस?" रंगातल्या शेवाळ मारणाऱ्या औषधाने रबर खाल्लं, खारं पाणी केबलच्या कवचात शिरलं आणि केबल आतून गंजली. आणि आता चोराच्या उलट्या बोंबा!

नवी केबल पलीकडच्या किनाऱ्यावरच्या शहरात मिळणार, आणि पाय पूर्ण उतरवल्याशिवाय बसणार नाही. उद्याच्या आत ते होणं शक्य नव्हतं. येर्काने चिरेवर भरपूर ग्रीस थापलं, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट आवळली. लाल रंगाची एक खपली मात्र तिने रबरासकट सोलून खिशात टाकली.

संध्याकाळी खानावळीत पुरुषांचा पत्त्यांचा डाव रंगला होता. तिने खपली विच्कोच्या पानांवर ठेवली.

"हे काय?" तो म्हणाला. पण त्याला कळलं होतं. कान लाल झाले होते, त्याच रंगाचे.

"बाहेर ये, सांगते."

"उद्याचं ठरलंय, पोरी," बार्बा श्पिरो पत्त्यांतून मान वर न करता म्हणाले. "सुकाणूवर विच्को. मी आधीच देवळापाशी जाऊन थांबणार आहे. तुझ्या बोटीत पुन्हा बसायची आपली हिंमत नाही, बाई!"

पुन्हा हशा. येर्काने दात आवळले आणि विच्कोला बोटीवर नेलं. "ओढ," ती म्हणाली. त्याने एका हाताने ओढली, मग दोन्ही हातांनी. केबल सरकली, पण त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या.

"आता सांग, कुणाचा हात जड?"

विच्कोने केबल सोडली आणि कपाळ पुसलं.

"केबल पत्र्याला जोडलीच नाही तर खटक्यावर ताण येत नाही, इंजिन बंद पडत नाही. म्हणजे इंजिन अगदी मंद ठेवून, इथे खाली बसून कुणीतरी केबल हाताने ढकलायला हवी. एवढं बळ माझ्यात नाही, लुचेत नाही. तुझ्यात आहे. मी सुकाणूवर, तू इथे. मी म्हणेन तेव्हा पुढे, म्हणेन तेव्हा मागे."

"सगळ्या गावासमोर मी भोकात बसू?"

"नाहीतर सगळ्या गावासमोर संताला खडकावर आपट. तुझी मर्जी."

"आणि रंगाचं... कुणाला सांगणार नाहीस ना?"

"मी नाही सांगणार," येर्का म्हणाली. "ते तुझं तू सांगायचं."

दुसऱ्या दिवशी तिच्या मागे सगळ्या होड्या निघाल्या. बोटीत संत रोक, त्यांच्या पायाशी लाकडी कुत्रा, पाद्री, मूर्ती धरलेले चौघे, आणि इंजिनाच्या झाकणाखाली विच्को. वरून दिसत होते फक्त त्याचे केस. खडकाळ बेटाच्या धक्क्यावर बार्बा श्पिरो उभे होते. सुकाणूवर येर्काला बघून त्यांनी दोन्ही हात हवेत उडवले. काय ओरडत होते ते ऐकू आलं नाही, पण स्तोत्र नक्कीच नव्हतं.

धक्का जवळ आला. चौघांनी डोळे मिटले. पाद्र्यांनी कुत्र्याचे कान धरले.

"गिअर मोकळा!" येर्का म्हणाली. खालून हुंकार आला. बोट नुसत्या वेगावर सरकत राहिली.

"मागे, विच्को! आता!"

एक कण्हणं ऐकू आलं, पायात खाड्कन दाते बसले, पाण्यात पांढरा फेस उठला, आणि 'गालेब' ताटात अलगद पाव ठेवावा तशी धक्क्याला टेकली. मूर्तीपुढच्या मेणबत्तीची ज्योतसुद्धा हलली नाही.

घंटा वाजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बार्बा श्पिरो तोंडभर हसत पुढे आले आणि झाकणातून वर येणाऱ्या, कोपरापर्यंत काळ्या झालेल्या विच्कोला म्हणाले, "शाब्बास, विच्को! बोटीवर पुरुष असला की बोट कशी ऐकते!"

येर्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती नुसती विच्कोकडे बघत राहिली.

विच्कोने हात पुसले. ते निघेनात. "बार्बा," तो हळूच म्हणाला, "मी फक्त ढकलत होतो. ती सांगेल तसं. आणि रविवारी बिघाड तिच्या हातात नव्हता. मी रबराला रंग फासला, त्यामुळे झाला."

बार्बा श्पिरोंनी झगा नीट केला, घसा खाकरला. "बरं, बरं. सणाच्या दिवशी कशाला ते! संताने सांभाळून घेतलं सगळं. प्रार्थना उरकली की आम्हालाही याच बोटीने परत ने, पोरी. लाटा वाढतायत."

देवळातून सगळे परत आले. संत बसले, पाद्री बसले, बार्बा श्पिरोही जपून चढले. मागे होड्या ताटकळत उभ्या. विच्को झाकणाखाली शिरला. येर्काने इंजिन सुरू केलं, आणि लगेच बंद केलं.

"काय झालं?" बार्बा श्पिरोंनी मूर्तीचा चौथरा धरला. "पुन्हा बंद पडलं?"

"पडलं नाही. मी पाडलं." तिने किल्ली काढून मुठीत घेतली. "या वेळी माझ्याच हातामुळे बंद आहे, बार्बा. आठवडाभर या हाताबद्दल जे बोललात, ते आता इथे, या सगळ्यांसमोर परत घ्या. मग निघू."

लाटा धक्क्यावर आपटत होत्या. पाद्री समुद्राकडे बघू लागले. झाकणाखालून विच्कोचा आवाज आला, "घ्या हो बार्बा, माझी पाठ मोडतेय."

बार्बा श्पिरोंनी एकदा संताकडे बघितलं, एकदा कुत्र्याकडे. दोघांपैकी कुणीच मदत केली नाही.

"चुकलं," ते पुटपुटले.

"मागच्या होडीला ऐकू गेलं नाही."

"चुकलं, येर्का! माझं चुकलं!" ते ओरडले.

येर्काने किल्ली लावली.