रंगवलेली तबकडी

घड्याळजीने वरची कळ दाबली. लांब, बारीक काटा निघाला, पुन्हा दाबल्यावर जागीच थबकला आणि खालची कळ दाबताच मुकाट्याने बाराच्या आकड्यावर जाऊन बसला.

"यंत्र ठणठणीत आहे," तो म्हणाला.

"मी म्हटलं नव्हतं?" भावाने बहिणीला कोपराने ढोसलं. "बाबा आपल्याला हात लावू देत नव्हते ते उगाच नाही."

वडील गेल्यावर घरातल्या वस्तूंची वाटणी सुरळीत झाली होती. अडलं ते या क्रोनोग्राफपाशी, धावण्याची वेळ मोजणाऱ्या मनगटी घड्याळापाशी. वडील धावण्याचे प्रशिक्षक. हयातभर मैदानावर पोरांची वेळ त्यांनी याच घड्याळावर मोजली. असल्या जुन्या घड्याळांना हौशी लोक वाटेल ती किंमत देतात, असं भावाने कुठेतरी वाचलं होतं, म्हणून त्याला ते विकायचं होतं. बहिणीला ठेवायचं होतं, पण त्याचा अर्धा वाटा देण्याची तिची ऐपत नव्हती. शेवटी ठरलं, विकण्याजोगं आहे की नाही ते जुन्या घड्याळांची पारख असलेला माणूस सांगेल आणि ते दोघांनी मानायचं.

घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं. आतल्या छोट्या तबकड्यांवर ज्या नाजूक गोल रेघा दिसायला हव्यात, त्या रंगाखाली बुजल्या होत्या. अक्षरं जाड होती, कडांना फुटलेली. त्याने भिंग काढलं आणि गरज नसताना पुसत बसला.

"तबकडी नव्याने रंगवली आहे," तो म्हणाला. "मूळची उन्हाने पिवळी पडलेली असणार. संग्रह करणाऱ्यांना तीच लागते, डागांसकट. रंगवलेल्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. वापरायला मात्र छान आहे."

"म्हणजे मातीमोल." भाऊ खुर्चीत मागे रेलला. "कुठल्या गाढवाने हा उद्योग केला?"

बहीण टेबलाच्या कडेवरून नख फिरवत होती.

"मी केला, दादा. पहिल्या पगारात. त्यांच्या वाढदिवसाला."

भावाने घड्याळ एका बोटाने तिच्यासमोर सरकवलं.

"घे. तुझंच आहे."

गाडी काढतो म्हणून तो उठला. जाताना तिला टपली मारायला उचललेला हात त्याने तसाच खिशात घातला.

तिने घड्याळ उचललं नाही. काहीतरी करायचं म्हणून घड्याळजीने, आत धूळ नाही ना बघून देतो, असं म्हणत मागचं झाकण फिरवून उघडलं. घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर झाकणाच्या आतल्या बाजूला आपली बारीक खूण कोरून ठेवतो. तिथे दोन-तीन खुणा होत्या. शेवटची खूण घड्याळजीची स्वतःचीच होती.

शेकडो घड्याळं हाताखालून जातात, ती लक्षात राहत नाहीत. माणूस आठवला. गळ्यात शिट्टी, बुटांना लाल माती. जुनी तबकडी परत आणता येईल का, असं त्याने विचारलं होतं. ती खरवडूनच ही रंगवली आहे, आता काही उपाय नाही, असं घड्याळजीने सांगितलं होतं. मग तो माणूस मुलीने हौसेने केलंय म्हणाला, आणि ही गोष्ट या टेबलावरच राहील असा शब्द घेऊन, घड्याळ मनगटावर बांधून गेला.

"मी त्याची किंमत घालवली, हे बाबांना कळलं असेल का हो?" बहिणीने विचारलं.

घड्याळजीने झाकण उलटं धरलं.

"नाही," तो म्हणाला. "नुसत्या डोळ्यांना दिसत नाही ते. भिंग लागतं."

तिने मान हलवली. डोळे पुसले.

"बरं झालं. कळलं असतं तर त्यांनी ते पुन्हा घातलं नसतं. शेवटपर्यंत हातातून काढलं नाही त्यांनी."

घड्याळजीने तिच्याकडे पाहिलं. काही बोलणार तोच बाहेर हॉर्न वाजला, आणि तिने घड्याळासाठी हात पुढे केला.

त्याने झाकण बसवलं, आणि लागतं त्यापेक्षा जरा जास्तच घट्ट फिरवलं.