पाशाच्या पायातला दोरा

"हललं! रुम्याना, त्या बरण्यांच्या मागे काहीतरी हललं गं!"

नेवेनाच्या हातातली भाजलेली मिरची परातीत पडली. काचा लावून बंद केलेल्या रुम्यानाच्या चिंचोळ्या गॅलरीत दोघी सकाळपासून बसल्या होत्या. रुम्याना लाल ढब्बू मिरच्या एकेक करून विजेच्या भट्टीत सोडत होती आणि नेवेना त्यांची काळी सालं सोलत होती. सप्टेंबरात नदीकाठच्या रूसे शहरातल्या प्रत्येक गॅलरीतून हाच वास येतो, आणि या दोघी गेली कित्येक वर्षं हिवाळ्याची बेगमी अशीच मिळून करत आल्या होत्या.

"पाशा असेल," रुम्याना मान वर न करता म्हणाली. "भट्टी लावली की जागा होतो. एरवी ओंडक्यासारखा पडलेला असतो."

पाशा म्हणजे यावोरचा इग्वाना, सरड्याच्या जातीचा मोठा प्राणी. रुम्यानाच्या या एकुलत्या एका मुलानं शाळेत असताना हट्ट करून तो आणला होता. तेव्हा पाशा हिरवागार होता, दिव्याखाली ऐटीत बसायचा, आणि यावोर त्याला खांद्यावर घेऊन जिन्यावरच्या बायकांना किंचाळायला लावायचा. नेवेना सगळ्यांत मोठ्यांदा किंचाळायची. तिला साध्या पालीचीही शिसारी. पुढे यावोर कामासाठी हॅम्बुर्गला गेला, उबेचा दिवा जळून बंद पडला, काचेची पेटी लोणच्यांना जागा हवी म्हणून तळघरात गेली, आणि पाशा बरण्यांच्या मागे गेला.

नेवेनानं लांबूनच वाकून पाहिलं. हिरवा रंग कुठल्या कुठे गेला होता. कातडी शिळ्या चहासारखी झाली होती, पाठीचं हाड वर आलं होतं, खालचा जबडा सुजला होता. समोर कोबीचं एक सुकलेलं पान. पण तिची नजर अडकली ती मागच्या पायावर. तिथे लाल-पांढरा दोरा होता. मार्चच्या पहिल्या तारखेला सगळे एकमेकांच्या मनगटाला बांधतात, तो. दोरा मांसात रुतला होता आणि त्याच्या खालचं पाऊल काळं पडलं होतं.

"अगं, हा दोरा अजून कसा? झाडं फुलली की काढून फांदीला बांधायचा असतो ना? जर्दाळू फुलून, फळून मोकळी झाली की!"

"राहू दे."

"राहू दे काय? कातर आण इकडे."

"नेवेना, हात लावू नकोस!" रुम्यानाचा आवाज एकदम चढला. "यावोरनं बांधलाय तो. जाताना म्हणाला, जर्दाळू फुलली की सुट्टी काढून येतो आणि मीच सोडवतो. तोवर काढायचा नाही म्हणाला."

"आणि आला का?"

भट्टीतली मिरची जळायला लागली होती. रुम्यानानं ती काढली नाही.

"नाताळला येईल," ती म्हणाली. "तू सोलायला आली आहेस ना? मग सोल."

नेवेना उठली. हात पुसले आणि अर्ध्या परातीवरून निघून गेली. दोघींच्या मैत्रीत असं आजवर झालं नव्हतं.

आता नेवेना ही काय चीज आहे, हे सांगायलाच हवं. बालवाडीत स्वयंपाकीण म्हणून उभा जन्म काढलेली ही बाई, पालक न खाणाऱ्या पोरांच्या किती पिढ्यांना तिनं पालक खायला लावला असेल, देव जाणे. रागावून नाही, समोर बसून. ताट संपेपर्यंत ती हलायची नाही. निवृत्त झाल्यावर लोकांनी तिला इमारतीची कारभारीण केलं आणि मग पस्तावले. दुपारच्या ठरलेल्या शांततेच्या वेळेत कुणी भिंतीत खिळा ठोकला, तर हातोडी खाली ठेवायच्या आत नेवेना दारात हजर. तिनं एखादी गोष्ट मनावर घेतली की समोरच्यानं आधीच हार मानलेली बरी.

तिनं पाशाला मनावर घेतलं. सकाळी ती नेहमीच्या कॉफीला गेली, तर रुम्यानानं दार फटीएवढंच उघडलं. "डोकं दुखतंय." दुसऱ्या दिवशीही डोकं. नेवेना नदीकाठच्या गवतातून कोवळी पानं खुडून आणायची आणि दाराला पिशवी अडकवायची. पिशवी आत जायची, नेवेना नाही. मिरच्यांचा हंगाम सरला, भट्टी गुंडाळून ठेवली गेली आणि गॅलरी गार पडली. खालून जाता-येता नेवेना त्या काचेकडे बघत राहायची. जनावर किळसवाणं होतं हे खरंच, पण गारठ्यात पाय सडत पडलेलं जनावर होतं आणि ते ओरडूही शकत नव्हतं. मांजर असतं तर सगळ्या जिन्यानं ऐकलं असतं.

शेवटी तिनं यावोरलाच फोन लावला.

"पाशा?" पलीकडून यावोर हसला. "अजून जिवंत आहे तो? मला वाटलं, आईनं कधीच देऊन टाकला असेल."

"तुझा दोरा आहे त्याच्या पायात. तू येऊन सोडवणार म्हणून बसली आहे तुझी आई."

"मी असं म्हणालो होतो? असेन मावशी, निघायच्या गडबडीत माणूस काहीतरी बोलतो. द्या ना कुणालाही. आणि हे बघा, नाताळला जमत नाहीये मला. तुम्हीच सांगाल का आईला? माझ्याकडून ऐकलं की रडत बसते."

"ते तुझं तू सांग," म्हणून नेवेनानं फोन ठेवला. तिला राग आला, आणि रागापेक्षाही वाईट वाटलं. आता तिच्याकडे हुकमाचा पत्ता होता. दारातल्या फटीतून एवढंच म्हणायचं होतं: तुझा मुलगा विचारतोय, अजून जिवंत आहे का. रुम्यानानं पाशाला त्याच घडीला सोपवलं असतं आणि त्यानंतर कधी मान वर केली नसती. नेवेनाची स्वतःची मुलगी स्पेनमध्ये होती. असली वाक्यं कुठे लागतात, हे तिला पुरतं ठाऊक होतं. पाशा सुटलाच पाहिजे, पण या वाक्यानं नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

नोव्हेंबरात पहिल्यांदा दव गोठलं त्या दिवशी दुपारी, ऐन शांततेच्या वेळेत, चौथ्या मजल्यावरून ठाक ठाक आवाज येऊ लागला. नेवेना रुम्यानाच्या दारासमोर स्टूल टाकून बसली होती. मांडीवर अक्रोडांची टोपली, पायाशी पाट, हातात हातोडी.

पाचव्या मजल्यावरचा टॅक्सीवाला गेन्चो बनियनवरच खाली आला. "काकू! तुम्ही? माझ्या एका खिळ्यासाठी तुम्ही पोलीस बोलवायला निघाला होतात!"

"बोलव की पोलीस. येतील तोवर चार अक्रोड खा."

"पण घरात का नाही फोडत?"

"इथे बरं फुटतात." ठाक.

गेन्चोनं बंद दाराकडे पाहिलं, नेवेनाकडे पाहिलं, आणि पायरीवर बसून खरोखरच अक्रोड खाऊ लागला. बालवाडीत तिच्या हातचा पालक त्यानंही खाल्ला होता.

टोपली निम्मी झाली तेव्हा दार उघडलं. रुम्याना भांडायच्या तयारीनं आली नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नेवेना," ती म्हणाली, "तो हलत नाहीये गं. मी हात लावून बघितलं. बर्फासारखा लागतोय."

हातोडी तिथेच टाकून नेवेना आत गेली. बरण्या बाजूला सारल्या. पाशा भिंतीशी आडवा पडला होता, डोळे मिटलेले. तिनं एकदा मोठा श्वास घेतला, त्याला दोन्ही हातांनी उचललं, स्वेटर वर केला आणि ते गार, खरखरीत अंग सरळ आपल्या पोटाशी धरलं.

"आई गं," ती दात आवळून म्हणाली. "गेन्चो, गाडी काढ! बघतोस काय, शर्ट घाल आणि गाडी काढ!"

गाडीत हीटर पूर्ण सोडला होता. गेन्चो घामानं निथळत होता. मागच्या सीटवर नेवेना दोन्ही हात पोटावर घेऊन ताठ बसली होती आणि शेजारी रुम्याना हुंदके देत होती.

"मी खायला घालत होते गं त्याला. रोज घालत होते."

"कोबी घालत होतीस."

"मला त्याच्याकडे बघवायचं नाही. आणि त्याला कुणी नेलं, तर यावोर कशासाठी येईल? मला भेटायला?"

तेवढ्यात स्वेटरच्या आत काहीतरी कातडीला ओरखडलं. नेवेना दचकली, मग तिला आयुष्यात पहिल्यांदा अशा ओरखड्याचा आनंद झाला.

"आहे," ती म्हणाली. "जिवंत आहे मेला."

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पाशाला दिव्याखाली ठेवलं आणि पाय पाहून ओठ घट्ट मिटले. पाऊल वाचणार नव्हतं, कापावंच लागणार होतं. ऊन, दिवा, औषध मिळालं तर बाकीचा पाशा जगेल. "पण मालक कोण याचा? कुणी ठेवून घेणार आहे का?"

रुम्यानानं मान खाली घातली.

"मी," नेवेना म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरात ऊन येतं. फक्त याला धरायचं कसं, तेवढं शिकवा. मला किळस येते."

डॉक्टरीणबाईंनी बारीक चिमट्यानं दोरा उचलला, कात्री चालवली. लाल-पांढरा असं म्हणायचं, खरं तर तो तपकिरी झाला होता. त्या तो कचऱ्याच्या डब्यात टाकणार, तोच रुम्यानानं तळहात पुढे केला.

पाशाला ठेवून तिघं बाहेर आली तेव्हा अंधारून येत होतं. गेन्चो गाडी आणायला गेला. दवाखान्याच्या कुंपणाशी एक आलुबुखाराचं झाड होतं, पूर्ण निष्पर्ण.

"तू यावोरला फोन केला होतास ना?" रुम्यानानं विचारलं. "काय म्हणाला?"

"म्हणाला, आईच्या मनात असेल तसं करा."

रुम्यानानं तिच्याकडे नीट पाहिलं. "खोटं बोलायला तुला कधी जमलंच नाही बघ." मग मुठीतला दोरा उलगडत, "नाताळला?"

नेवेनानं तिचा हात धरला. "तू माझ्याकडे ये जेवायला. पाशापण असेल."

रुम्याना झाडाजवळ गेली. टाचा उंचावून तिनं एक फांदी वाकवली. बोटं गारठल्यानं गाठ बसेना.

"फुलं नाहीत गं याला," ती म्हणाली.

"बांध तू," नेवेना म्हणाली आणि तिनं फांदी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.