कणसं पूल ओलांडत नाहीत

"काहीही कर, पण शिवून घेऊ नकोस," थेक्ला आत्या मला म्हणाल्या होत्या. "पिना लाव, फीत बांध. मान आखडली तर आखडू दे. दोरा मात्र नको."

त्या माझ्या लेकीसाठी, आफ्रासाठी मोजे विणत होत्या आणि मी त्यांच्या मनोऱ्यातल्या खोलीत खिडकीशी बसले होते. मला हसूच आलं. म्हटलं, "आत्या, टियारा आहे तो. बेडी नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा टाके मोजायला लागल्या.

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, सगळं आयुष्य आर्नेकच्या गढीत काढलं. घरात सगळे त्यांना थोड्या चक्रम समजायचे, आणि मीही त्या सगळ्यांत होते.

मी उल्म शहरातली, शाळामास्तरांची मुलगी, जीवशास्त्र शिकलेली. आर्नेकांच्या गेबहार्डशी माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं पहिला प्रश्न विचारला होता, "दागिने काय घालणार तुला?" आर्नेकांमध्ये दागिने कुणा एकीचे नसतातच, हे आम्हाला कुठून माहीत असणार? ते घराण्याचे. सुनेनं घालायचे, मिरवायचे आणि जेवणाआधी तिजोरीत परत द्यायचे. त्यात सगळ्यांत मानाचा डोक्यावरचा कणसांचा टियारा. हिऱ्यांची गव्हाची कणसं, प्रत्येक कणीस बारीक स्प्रिंगवर बसवलेलं, नुसता श्वास घेतला तरी थरथरणारं. पूर्वी कुणी एक पणजी यातली रत्नं परकरात दडवून पळून गेली होती म्हणतात. तेव्हापासून नियम आहे की कणसं पूल ओलांडत नाहीत. ती तिजोरीबाहेर आली की गढीतून बाहेर जायच्या एकुलत्या पुलावरचं जाळीचं फाटक बंद, आणि ती परत आत गेली की मगच उघडायचं.

आम्ही राहायचो पुलापलीकडे, माळ्याच्या जुन्या घरात. गढीत नको म्हणून मीच हट्टानं मागून घेतलेलं ते घर.

सासऱ्यांची ऐंशी वर्षं पूर्ण झाली तो नोव्हेंबरातला रविवार. फोटोंचे चांगले पैसे देणाऱ्या एका मासिकाचा फोटोग्राफर येणार होता आणि त्याला दिवसाचा उजेड हवा होता. आत्या म्हणाल्या, "दिवसाढवळ्या टियारा फक्त नाटकातल्या बायका घालतात."

"नाटकातल्या बायकांचं छप्पर गळत नसतं, थेक्ला," सासूबाई म्हणाल्या. विषय संपला.

फोटो बाहेर फुटू नयेत म्हणून सगळ्यांचे फोन एका टोपलीत जमा करायचे होते. मग मला घरून कुणी काही कळवायचं कसं? आदल्या महिन्यात आफ्राला तो खोकला झाला होता, कुत्र्याच्या पिल्लानं भुंकावं तसा, आणि श्वास आत घेताना घर्र असा आवाज. दीड वर्षाचं लेकरू. डॉक्टर म्हणाले होते, "परत झालं तर थांबू नका. आणि तिला रडू देऊ नका. रडली की गळा आणखी आवळतो." त्यात आफ्रा आजारी असली की माझ्याशिवाय कुणाच्याच हातात शांत होत नाही. म्हणून तिला सांभाळणाऱ्या वेरेनाला मी सांगून ठेवलं, काही झालं तर आधी डॉक्टरला फोन कर आणि मग वरच्या खिडकीत लाल टॉवेल लाव. दिवाणखान्यातून ती खिडकी दिसते.

याची घरभर थट्टा झाली. गेबहार्ड म्हणाला, "हेन्रिके, आपण काय वेढ्यात अडकलोय?"

आत्या तेवढ्या हसल्या नाहीत. "मलाही एक टॉवेल दे," म्हणाल्या. मी खरंच दिला.

रविवारी सासूबाईंच्या मोलकरणीनं, बुर्गानं, माझे केस विंचरले. आधी पिनाच लावल्या. पण कणसं पुढं कलत होती, फोटोग्राफर सारखा मान वाकडी करून बघत होता, सासूबाई दारात उभ्या. शेवटी मीच म्हटलं, "शिवा."

बुर्गानं डोक्याभोवती बारीक घट्ट वेणी घातली आणि टियाराच्या तळाला गुंडाळलेल्या मखमलीतून सुई घालून वेणीत टाके घेतले. प्रत्येक टाक्याला कातडी ओढली जायची.

"आता भूकंप झाला तरी हलायचा नाही, धाकट्या बाईसाहेब," ती समाधानानं म्हणाली.

"आणि काढायचा कसा?"

"सावकाश. शेवटच्या टाक्यापासून उसवत. मखमल जुनी आहे, ओढली तर फाटेल."

आम्हाला ओळीनं बसवलं. मधे सासरे, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते सगळ्यांकडे बघून हसत होते. मी त्यांच्या उजव्या हाताला. फोटोग्राफरच्या खांद्यावरून मला आमचं घर दिसत होतं, धुक्यात निम्मं बुडालेलं. तो म्हणायचा, "हनुवटी वर. श्वास रोखा, कणसं हलतायत." मी श्वास रोखायची आणि खिडकीकडे बघायची.

एकदा बघितलं तर खिडकीत लाल टॉवेल होता.

मी उठले. कणसं किणकिणली.

"बस," सासूबाई म्हणाल्या.

"आई, टॉवेल लागलाय. आफ्राला—"

"खोकला असेल. या घरातली सगळी मुलं खोकत खोकतच मोठी झाली. तुझा नवरा तर दोन हिवाळे खोकत होता. फोटो होऊ दे, मग बुर्गा उसवेल, मग जा. कोण अडवतंय?"

"तिला श्वास घेता येत नसेल!"

"वेरेना आहे ना तिथं?"

मी गेबहार्डकडे बघितलं. तो बापाच्या मागं उभा होता, पदकांच्या फिती लावलेला कोट घालून. "दहा मिनिटं, हेन्रिके," तो हळूच म्हणाला. "उजेड जातोय. दहाच मिनिटं."

वाईट माणूस नाही तो. पण त्या घरात वाढलेल्याला फाटक दिसतच नाही. जन्मापासून ते तिथंच असतं.

मी झगा वर धरून पळाले. जिना, चौक, ओले दगड. पुलाच्या तोंडाशी जाळीचं फाटक बंद. पलीकडे आमचं घर एवढं जवळ, की हाक मारली असती तर वेरेनाला ऐकू गेली असती. आणि मला ऐकू आलं. तोच खोकला, भुंकल्यासारखा. आणि मधे मधे रडणं.

"कुटलर, फाटक उघडा!"

कुटलर तीस वर्षं त्या फाटकावर आहे. त्यानं आधी माझ्या डोक्याकडे बघितलं आणि मग चेहऱ्याकडे.

"कणसं बाहेर आहेत, धाकट्या बाईसाहेब. उघडता येत नाही."

"माझी मुलगी आजारी आहे. ऐका, ऐकू येतंय ना तुम्हाला?"

"येतंय की. तुम्ही खुशाल जा. कणसं ठेवा आणि जा."

"ती डोक्याला शिवलीत!"

त्यानं थोडा विचार केला. "मग डोकंही इथंच राहील," तो म्हणाला. विनोद करत नव्हता हो तो, खरोखरच अडचणीत सापडल्यासारखा बोलत होता. "मोठ्या बाईसाहेबांनी सांगितलं तर उघडतो. माझ्या हातात काही नाही."

मी दोन्ही हातांनी टियारा धरून ओढला. डोळ्यांपुढं पांढरं झालं. वेणी तसूभर हलली नाही. जाळीच्या पट्ट्या गार होत्या, मी त्यांना कपाळ टेकवलं तर हिरे लोखंडावर वाजले. पलीकडचं रडणं एकदम थांबलं. रडण्यापेक्षा ते थांबणं वाईट होतं.

मागून पावलं आली. थेक्ला आत्या. धापा टाकत होत्या, विणकामाची पिशवी पोटाशी धरलेली.

"सांगितलं होतं," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून लोकर कापायची छोटी कात्री काढली. "खाली बस."

"मखमल फाटेल, आत्या."

"मखमल कशाला कापू? केस कापतेय. केस तुझे आहेत. या सगळ्यात तेवढेच तुझे."

मी ओल्या दगडांवर बसले. कात्री बोथट होती. त्या मुळापासून कापत होत्या, करकर, आणि कापता कापता बोलत होत्या, विणताना बोलतात तशाच. "माझ्या साखरपुड्याला मलाही हाच टियारा शिवला होता. नवरा मुलगा त्यांनी निवडलेला. मी निवडला होता तो गुरांचा डॉक्टर, खाली बसथांब्यावर उभा. दोन बस त्यानं सोडल्या. मला इथून दिसत होता. मान हलवू नकोस. तेव्हा कात्री कुणी आणली नाही."

टियारा सुटला. त्याला माझी वेणी लटकत होती, मेलेल्या जनावराच्या शेपटीसारखी. आत्यांनी तो कुटलरच्या हातात दिला. "घे तुझी कणसं. आता उघड."

त्यानं उघडलं.

आफ्रा निळसर पडली होती. मी तिला उचललं, खिडकी सताड उघडली, गार धुक्यात तिला छातीशी धरून उभी राहिले आणि तिच्या कानात गुणगुणत राहिले. माझे भुंडे केस तिनं मुठीत धरायचा प्रयत्न केला, धरता येईनात, त्याचं तिला नवल वाटलं आणि ती रडायची विसरली. तेवढ्यात डॉक्टर आले. रात्र आम्ही इस्पितळात काढली. सकाळी तिनं दूध मागितलं.

मी परत गेले नाही. आफ्रा आणि मी आता उल्मला आईकडे असतो. गेबहार्ड शनिवारी येतो, खेळणं आणतो, आणि संध्याकाळ झाली की त्याला पूल आठवतो.

मासिक निघालं तेव्हा आईनं विकत आणलं. सासऱ्यांच्या उजव्या हाताला थेक्ला आत्या बसल्या आहेत. टियारा त्यांच्या डोक्यावर. लग्न न ठरलेल्या बाईनं टियारा घालायचा नाही, असा आर्नेकांचा दुसरा नियम, पण फोटो तर हवाच होता. बारकाईनं बघितलं की कानामागं करड्या केसांत एक तपकिरी वेणी दिसते. माझी. ती काढायलाही कुणी थांबलं नाही. तिच्यासकटच शिवला.

मी फोन केला तर बुर्गा उचलते. "थेक्ला बाई झोपल्यात." दुपारी झोपल्यात, सकाळी झोपल्यात. गेबहार्डला विचारलं तर म्हणतो, "बऱ्या आहेत गं. विणकाम तेवढं बंद केलंय. आईनं ती पिशवी काढून घेतली, कात्री होती ना तिच्यात." मी पुलापर्यंत जाऊन आले. कुटलरनं टोपी काढली, आफ्राची चौकशी केली, आणि फाटक उघडलं नाही.

पण तुम्हाला तो अडवणार नाही. ईस्टर झाला की शनिवार-रविवारी गढी लोकांना बघायला खुली असते. कधी गेलात, तर बसथांब्यावर उतरल्यावर आधी वर बघा. उत्तरेचा मनोरा, वरून दुसरी खिडकी, ती आत्यांची. तिथं लाल टॉवेल दिसला तर दागिन्यांच्या दालनाकडे वळू नका. सरळ वर जा, दार वाजवा. झोपल्यात म्हणाले तर चार लोकांसमोर मोठ्यानं विचारा, थेक्ला कुठं आहेत? टॉवेल नसला तरी विचारा. आणि जाताना खिशात एक छोटी कात्री असू द्या.